वर्ध्याच्या उन्हात लोकरीचे टाके

सुयांवरचे विणकाम म्हणजे एकाच सलग धाग्याचे फासे एकमेकांत अडकवत तयार केलेले कापड. मागावरच्या कापडाला उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. ते ताणलेले असल्याने कापड फारसे लवत नाही. विणलेल्या कापडातला प्रत्येक फास मात्र ओढला की पसरतो आणि सोडला की जागेवर येतो. म्हणून स्वेटर डोक्यातून घालता येतो, मोजा टाचेवर बसतो आणि टोपडे बाळाच्या डोक्याबरोबर महिना-दोन महिने वाढते. सगळे कापड एकाच धाग्याचे असल्याने शेवटचे टोक सोडून ओढले तर ते पुरते उसवते आणि हातात पुन्हा लोकरीचा गुंडा उरतो.

या कलेत मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. सगळ्या ओळी सुलट विणल्या की जाडसर, दोन्ही बाजूंनी सारखे, सपाट पडणारे कापड होते. एक ओळ सुलट आणि एक उलट विणली की स्वेटरची नेहमीची गुळगुळीत वीण मिळते, पण तिच्या कडा वळतात. त्यामुळे घेराला, मनगटाला आणि गळ्याला ‘दोन सुलट, दोन उलट’ अशी ताणणारी बॉर्डर घालतात. जाळीची नक्षी दोन टाके एकत्र विणून आणि सुईवर जादा वेढा घेऊन साधते, तर वेणीची नक्षी टाक्यांची जागा अदलाबदल करून. पानाफुलांची वाटणारी कोणतीही वीण उलगडून पाहिली तर आत हेच दोन टाके सापडतात. जपून राहिलेले सर्वांत जुने खरे विणकाम इजिप्तमधले आहे. ते सुमारे हजार वर्षांपूर्वीचे असून त्यात निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे तुकडे आहेत. लोकरीची समजल्या गेलेल्या या कलेचे जुने नमुने उष्ण देशातले आणि सुती असावेत, ही गोष्ट विदर्भातल्या विणणारणींनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सावंगी (मेघे) हे वर्धा शहराला लागून असलेले गाव. १९९० मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय यांमुळे ते विदर्भभर माहीत झाले. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अंगावर लोकर घालावी असा काळ दिवाळीनंतर सुरू होतो आणि संक्रांत उलटून थोड्या दिवसांत संपतो. त्यातही थंडी असते ती पहाटेची आणि रात्रीची, कारण दुपारी ऊन चटकतेच. अशा ठिकाणी विणकामाचा छंद स्वतःच्या गरजेवर टिकत नाही. विणणारीच्या हातातले काम बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी असते. लेकीच्या बाळंतविड्यासाठी, दिल्लीला शिकायला गेलेल्या नातवासाठी, पहाटे शेतावर जाणाऱ्या दिराच्या कानटोपीसाठी ती विणत असते. या छंदाचे सगळे वेळापत्रक त्यावर ठरते.

लोकरीचा स्वेटर थंडीत हवा असेल तर तो पावसाळ्यातच सुयांवर चढवावा लागतो. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम लोकर लागते, आणि फावल्या वेळात विणणाऱ्या बाईला त्यात काही महिने सहज जातात. श्रावणात सुरू केलेला मागचा भाग नवरात्रापर्यंत उतरला, तर पुढचा भाग आणि बाह्या दिवाळीच्या फराळाच्या धांदलीतून वाट काढत कार्तिकात पुऱ्या होतात. उन्हाळ्यात मात्र लोकरीचे मोठे काम मांडीवर घेणेही नकोसे होते. घामेजल्या बोटांना अॅक्रिलिकचा धागा चिकटतो, टाके घट्ट येतात आणि सुई करकरते. म्हणून जाणत्या बायका उन्हाळ्यात सुताचे क्रोशाकाम काढतात किंवा टोपडे-मोजे अशी हातात मावणारी कामे करतात. कामाला बसण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करणे आणि बोटांना थोडी पावडर लावणे ही युक्ती जुनी असली तरी खरी आहे.

लोकर कुठून येते हेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात मेंढ्या पुष्कळ आहेत आणि धनगरांची घोंगडी शेकडो वर्षांची आहे. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. हाताने कातलेल्या त्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावून मागावर घोंगडी विणतात. पाऊस-थंडी अडवायला ती उत्तम, पण तान्ह्या बाळाच्या मानेला टोचेल. घरगुती विणकामाला लागणारी लोकर येते ती बहुतांशी पंजाबातल्या लुधियान्याहून. वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावे दुकानातल्या फळीवर दिसतात. दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतात, पण त्यातला मोठा भाग अॅक्रिलिकचा, म्हणजे पेट्रोलियमपासून केलेल्या कृत्रिम तंतूचा असतो. तो स्वस्त असतो, रंगात खुलतो, त्याला कसर लागत नाही आणि घरी धुतला तरी आटत नाही. पण त्याला घाम शोषता येत नाही आणि गरम इस्त्री लागली की वीण कायमची चपटी होते. खऱ्या लोकरीचे उलट असते. ती ओलावा शोषूनही उबदार राहते, मात्र गरम पाण्यात घुसळली की आटून नमद्यासारखी घट्ट होते आणि डांबराच्या गोळ्या किंवा कडुनिंबाचा पाला न घालता ठेवली तर कसर खाते.

वर्ध्यात मनासारखा रंग मिळाला नाही तर नागपूरची सीताबर्डी किंवा इतवारी गाठावी लागते. खरेदीतला पहिला नियम असा की सगळी लोकर एकदम घ्यावी आणि प्रत्येक गुंड्याच्या पट्टीवरचा रंगाचा क्रमांक व खेपेचा क्रमांक जुळवून पाहावा. एकाच नावाचा गुलाबी दोन खेपांत किंचित वेगळा उतरतो. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये तो फरक दिसत नाही, पण स्वेटरची एक बाही वेगळी आहे हे अंगणातल्या उन्हात लगेच कळते. म्हणून एक गुंडा जास्त घेणे शहाणपणाचे. उरलेल्या लोकरीचे मोजे होतातच.

सुयांचे क्रमांक नवशिक्यांना गोंधळात टाकतात. भारतात जुनी ब्रिटिश पद्धत अजून चालते आणि तीत आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची, तर १२ नंबरची पावणेतीन मिलिमीटरची. सामान्यतः बॉर्डर बारीक सुईवर आणि अंग त्याहून दोन नंबर जाड सुईवर विणतात. अॅल्युमिनियमच्या सुयांवर टाके झरझर सरकतात. बांबूच्या सुया धाग्याला थोडे धरून ठेवतात, म्हणून हात बसेपर्यंत त्या बऱ्या.

विणकामाचा खरा कणा हिशेब आहे. प्रत्येकीच्या हाताचा ताण वेगळा असतो. तीच लोकर, त्याच सुया आणि तीच वीण घेऊनही दोघींचे कापड सारखे उतरत नाही. यासाठी आधी बोटभर लांबीचा नाही, चांगला वीतभर चौकोनी नमुना विणायचा, तो धुऊन वाळवायचा आणि मधल्या दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके व किती ओळी बसतात ते मोजायचे. समजा दहा सेंटिमीटरमध्ये २४ टाके आले आणि बाळाच्या स्वेटरचा पूर्ण घेर ४८ सेंटिमीटर हवा आहे. मग मागच्या भागाला २४ सेंटिमीटर, म्हणजे ५८ टाके घालायचे. दहा सेंटिमीटरमध्ये ३२ ओळी येत असतील तर २६ सेंटिमीटर उंचीला ८३ ओळी होतात. मुंढ्याचे व गळ्याचे टाके वजा केले तरी एवढ्याशा मागच्या भागात साडेचार हजारांच्या आसपास टाके भरतात. मिनिटाला वीस टाके धरले, तर पावणेचार तासांचे हे काम.

नमुना विणण्याचा कंटाळा करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्याची किंमत मोठ्या स्वेटरला मोजावी लागते. शंभर सेंटिमीटर घेरासाठी २४० टाके घातले आणि प्रत्यक्षात हात सैल पडून दहा सेंटिमीटरमध्ये २२ च टाके आले, तर घेर १०९ सेंटिमीटर होतो. दहा सेंटिमीटरमागे दोन टाक्यांची चूक अंगावर नऊ सेंटिमीटर लोंबते. काही महिन्यांचे काम वाचवायला एक वीतभर नमुना पुरतो. यात मतभेदाला जागा नाही.

बाळाच्या स्वेटरच्या मागच्या भागाचे ते पावणेचार तासही दिवसातून सलग कुणाला मिळत नाहीत. विणणारीचा दिवस इतरांसारखाच असतो, फक्त त्यातल्या फटी ती वाया जाऊ देत नाही. कुकरची शिट्टी होईपर्यंत एक ओळ होते, दुपारची भांडी आवरल्यावर चार ओळी होतात आणि संध्याकाळच्या मालिकेत बाहीचा बराच भाग वाढतो. नागपूर-वर्धा रेल्वेच्या प्रवासात आणि रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या बाकावरही विणकाम चालते. मात्र त्यासाठी काम निवडताना तारतम्य लागते. सरळ सुलट-उलट वीण बोलता बोलता होते, पण जाळीची नक्षी किंवा मुंढ्याची घट बसमध्ये काढू नये. ओळ अर्धी टाकून उठणे हा सर्वांत वाईट शिरस्ता, कारण परत बसल्यावर दिशा चुकते आणि मध्येच भोक पडते. पिशवीत सुयांबरोबर एक कात्री, मोजपट्टी, बोथट टोकाची मोठी सुई, क्रोशाची सुई आणि ओळी टिपायला पेन्सिल-वही असली की घर सोडून कुठेही काम करता येते.

चूक होणे या कलेत रोजचे आहे. टाका गळला तर तो खाली खाली उसवत जातो आणि शिडीसारखी रेघ पडते. तेव्हा घाबरून काम ओढू नये. क्रोशाच्या सुईने गळलेला फास धरून शिडीचा एकेक आडवा धागा त्यातून ओढत वर आणला की टाका पुन्हा सुईवर येतो. दहा ओळी खाली नक्षी चुकली असेल तर मात्र उसवणे हाच उपाय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. मराठी घरांत थोरल्याचा आखूड झालेला स्वेटर उसवून धाकट्याचा नवा विणण्याची रीत होती. उसवलेला धागा कुरळा झालेला असतो. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लड करतात, चार ठिकाणी सैल बांधतात, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगतात आणि खाली हलके वजन लावतात. वाळल्यावर धागा बराचसा सरळ होतो. तसाच कुरळा धागा विणला तर टाके वेडेवाकडे येतात.

लोकरीचे हे असे, पण वर्धा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाट आणि पुलगाव इथल्या गिरण्यांचा इतिहास मोठा आहे. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, १९३६ मध्ये जवळच्या शेगावला राहायला गेले आणि त्या गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून आलेल्या नयी तालीममध्ये हस्तोद्योगाला, त्यातही सूतकताईला, शिक्षणाच्या मध्यभागी ठेवले होते. या परंपरेतून विणकामाच्या इतिहासातली एक लक्षणीय वस्तू निर्माण झाली. नोव्हेंबर १९४७ मध्ये ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहाला गांधीजींनी माउंटबॅटन यांच्या हाती भेट पाठवली. ती होती स्वतः कातलेल्या सुताचे जाळीदार वस्त्र, मध्ये ‘जय हिंद’ विणलेले. आपले सूत दुहेरी करून हे वस्त्र केले आहे आणि कनू गांधी यांच्याकडे शिकलेल्या एका पंजाबी मुलीने ते विणले आहे, असे गांधीजींनी पत्रात कळवले होते. कनू गांधी म्हणजे सेवाग्राम आश्रमातल्या गांधीजींची छायाचित्रे ज्यांच्यामुळे आज पाहायला मिळतात ते. विवाहातल्या भेटी मांडल्या तेव्हा एलिझाबेथ यांच्या आजी राणी मेरी यांना हे वस्त्र म्हणजे गांधीजींचा पंचाच वाटला आणि त्या नाराज झाल्या. वस्त्र मात्र राजघराण्याच्या संग्रहात जपून राहिले.

सूत दुहेरी करण्याचे कारण तांत्रिक आहे. चरख्यावरचा एकेरी धागा एकाच बाजूला पिळलेला असतो. त्याचे फासे केले की पीळ सुटू पाहतो, कापड तिरके ओढले जाते आणि धागा सुईच्या टोकाशी फुटतो. दोन धागे उलट्या पिळाने एकत्र केले की पीळ समतोल होतो आणि ताकद वाढते. दुकानातली तीन पदरी, चार पदरी लोकर याच तत्त्वावर बनते. सुती धागा लोकरीसारखा लवचिक नसतो, ओला झाला की जड होतो आणि त्याची बॉर्डर लवकर सैल पडते, हे त्याचे दोष मान्य केले पाहिजेत. तरीही वर्षाचे आठ महिने घाम काढणाऱ्या मुलखात सुताचे झबले, सुताचे टोपडे, सुताची पातळ शाल यांनाच खरा अर्थ आहे. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या विणणारणीने बाराही महिने अॅक्रिलिकलाच हात लावावा, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

सुताचे काम मराठी घरात जास्त करून क्रोशाच्या रूपाने आले. एकाच आकडीदार सुईवर साखळी, मुका खांब आणि खांब असे टाके घालत रुमाल, ताटावरची झाकणे, दाराची तोरणे, देवाची आसने आणि बाळकृष्णाचे कपडे होतात. लग्नातल्या रुखवतात क्रोशाच्या वस्तूंना मानाची जागा असे आणि काही घरांत अजून आहे. सुयांचे विणकाम यंत्राने फार पूर्वी आपलेसे केले. विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणायचे यंत्र १५८९ मध्येच बनवले होते. क्रोशा मात्र यंत्राला अजून नीट जमलेला नाही. चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने भारतभरच्या बायकांनी केलेले चौकोन जोडून ११,००० चौरस मीटरहून मोठे पांघरूण मांडले आणि गिनेस विक्रम केला. घराच्या कोपऱ्यात एकेकटीने होणारे काम त्या निमित्ताने एका मैदानात दिसले.

यंत्राच्या स्वेटरशी हाताच्या स्वेटरची किमतीत स्पर्धा होऊच शकत नाही. हिवाळ्यात नागपूरसारख्या शहरांत तिबेटी विक्रेत्यांचे उबदार कपड्यांचे बाजार लागतात. त्यांतला बराच माल लुधियान्याच्या कारखान्यांतला असतो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे आणि हिवाळ्यातली स्वेटरविक्री तिथल्या कुटुंबांच्याही उपजीविकेचा भाग राहिली आहे. या बाजारांत मिळणाऱ्या तयार स्वेटरच्या किमतीत कधी कधी फक्त लोकर येते. त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी विणण्याचा काळ गेला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आज जी विणते ती हौसेने विणते, आणि माप, रंग, गळ्याची ठेवण अगदी त्या माणसाची असावी म्हणून विणते. एकेकाळी यामागे सार्वजनिक कारणेही होती. १९६२ च्या चीन युद्धात देशभर बायकांनी सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि महाराष्ट्रात त्या युद्धाची भावना घरोघरी पोचली. विणकाम बायकांचेच, हा समजही सगळीकडे खरा नाही. पेरू देशातल्या टाकिले बेटावर सुयांवरचे विणकाम पुरुष करतात आणि बायका मागावर बसतात.

विणल्याने मन शांत होते, असे विणणारे सांगतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत साडेतीन हजारांवर लोकांनी उत्तरे दिली. जे वारंवार विणतात त्यांनी आपल्याला अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचे नोंदवले. हे लोकांनी स्वतःविषयी सांगितलेले आहे, औषधाचा पुरावा नव्हे. शिवाय तासन्‌तास मान खाली घालून बसले की मान, अंगठा आणि मनगट दुखतेच. दर अर्ध्या तासाला सुया खाली ठेवून हात झटकावेत आणि उजेड डाव्या खांद्यावरून किंवा समोरून घ्यावा. काळ्या लोकरीचे काम रात्री करू नये.

सावंगीसारख्या रुग्णालयाच्या गावात या छंदाचा सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे तान्ह्या बाळाचे कपडे. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि त्यातून उष्णता लवकर जाते. बाळाचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे लागते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला ते स्वतःहून राखणे जड जाते. कोलंबियात बोगोटा इथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या कांगारू मातृ सेवेत अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवतात. तेव्हा त्याच्या अंगावर लंगोट, डोक्याला टोपडे आणि पायांत मोजे एवढेच असतात. विदर्भातल्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यातही बाळाला उबदार ठेवणे हा महत्त्वाचा भाग आहे.

बाळासाठी विणताना शोभेपेक्षा सुरक्षितता आधी पाहावी. मऊ सुती किंवा बाळांसाठीची खास लोकर घ्यावी आणि आधी ती स्वतःच्या मानेवर घासून पाहावी. जाळीची वीण टाळावी, कारण बाळाची बोटे भोकात अडकतात. दोन रंगांच्या नक्षीत आतून लांब धागे लोंबतात, तेही नकोत. सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडते, म्हणून मोज्यांची आतली बाजू उलटून तपासावी. गळ्याशी नाडी, गोंडे, मोती, सुटणारी बटणे लावू नयेत. चैत्र-वैशाखात पातळ सुती टोपडे पुरते. घरी उकडत असताना लोकरीत गुंडाळलेल्या बाळाला घाम आणि पुरळ येते, आणि झोपेत अंग फार तापणे त्याला धोक्याचेही असते. कपडा तयार झाल्यावर सौम्य साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावा. रुग्णालयातल्या बाळांसाठी काही विणून द्यायचे मनात असेल तर आधी नवजात कक्षातल्या परिचारिकांना भेटून कोणते माप, कोणता धागा आणि किती नग हवेत ते विचारावे, आणि मगच टाके घालावेत.